टायमिंग चेन खरंच आयुष्यभर टिकते का? ती झिजली हे मोजायचं कसं?

सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली की मित्रांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास येतो. "टायमिंग बेल्टवाली गाडी नको, चेनवाली घे. चेनकडे आयुष्यभर बघावं लागत नाही."

यातलं अर्धंच खरं आहे. रबरी बेल्ट ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं झाली की बदलावाच लागतो. चेन स्टीलची असते, इंजिनाच्या आत ऑइलमध्ये फिरते आणि बऱ्याच कंपन्या तिच्या बदलीसाठी किलोमीटरचा आकडा देत नाहीत. पण आकडा दिला नाही म्हणजे चेन झिजत नाही असं नाही. चेन झिजते, फक्त ते बाहेरून दिसत नाही. दिसतं तेव्हा अनेकदा हेड उघडायची वेळ आलेली असते.

दुसरीकडे याच्या उलटही घडतं. सकाळी इंजिनमधून दोन सेकंद खडखड आली किंवा डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट लागली की "चेन गेली, अख्खं किट टाकावं लागेल" असं सांगितलं जातं. न मोजता.

तर चेन झिजते म्हणजे नेमकं काय होतं, कॅमशाफ्टचं टायमिंग त्याने कसं बिघडतं आणि हे तपासायच्या पद्धती कोणत्या, हे समजून घेऊ.

टायमिंग चेनचं काम काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात तसा तो फिरतो. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो. त्याच्यावरचे अंडाकार उंचवटे, म्हणजे कॅम, व्हॉल्व्ह दाबून उघडतात. हवा आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

या दोन शाफ्टना एकत्र बांधून ठेवते ती टायमिंग चेन.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पूर्ण व्हायला क्रँक दोनदा फिरतो. तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी. हे जमवायला कॅमच्या चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दात असतात. क्रँकला २० दात असतील तर कॅमला ४०.

व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे क्रँकच्या अंशांत ठरलेलं असतं. हेच कॅमशाफ्ट टायमिंग. त्यात चार-पाच अंशांची चूक झाली तरी इंजिनाच्या ओढीवर परिणाम होतो. मोठी चूक झाली तर आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात, कधी पिस्टनलाही मार बसतो.

चेन 'ताणली जाते' म्हणजे काय होतं?

गॅरेजमध्ये "चेन ताणली" किंवा "चेन लूज झाली" असं म्हणतात. ऐकून वाटतं की लोखंडाच्या पट्ट्या रबरासारख्या लांब होतात. तसं होत नाही.

चेनची प्रत्येक कडी दुसऱ्या कडीला पिनने जोडलेली असते. चेन स्प्रॉकेटवर चढताना कडी वाकते, उतरताना सरळ होते. प्रत्येक वेळी पिन आपल्या भोकात थोडी घासते. पिन बारीक होते, भोक मोठं होतं आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. पट्ट्या तेवढ्याच राहतात, सांधे ढिले होतात.

हे किती वेळा होतं याचा एक हिशोब करून बघा. समजा, क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात आहेत आणि चेनला १२० कड्या. म्हणजे क्रँक ६ वेळा फिरला की चेनची एक फेरी पूर्ण. गाडी सरासरी ताशी ४० किमी वेगाने आणि २,००० आरपीएमवर चालली असं धरलं, तर १ लाख किलोमीटरला २,५०० तास होतात. तेवढ्यात क्रँक ३० कोटी वेळा फिरतो आणि चेन ५ कोटी फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा अनेक वेळा वाकतो.

आता झीज किती होते ते पाहू. या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर ८ मिमी आहे असं समजा. प्रत्येक सांध्यात फक्त ०.०४ मिमी झीज झाली. हे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. पण १२० सांध्यांची बेरीज केली की चेन ४.८ मिमी लांब झालेली असते. टक्केवारीत हे फक्त अर्धा टक्का आहे.

मग टायमिंग किती हलतं?

चेनच्या दोन बाजू असतात. एका बाजूने क्रँक कॅमला ओढतो, ती ताठ बाजू. दुसरी परतीची, ढिली बाजू. ढिल्या बाजूला टेन्शनर बसवलेला असतो. तो एका पट्टीला, म्हणजे गाइडला, दाबून चेनमधली ढील खाऊन टाकतो. बऱ्याच गाड्यांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. काहींत आत दातेरी अडकण असते, त्यामुळे एकदा पुढे सरकलेला टेन्शनर मागे येत नाही.

यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. टेन्शनर ढील काढतो, पण टायमिंग दुरुस्त करत नाही.

ताठ बाजूला ५० कड्या असतील तर वरच्या हिशोबाने ती बाजू २ मिमी लांब झाली. कॅम तेवढा मागे राहतो. ४० दात आणि ८ मिमी अंतर म्हणजे कॅमच्या स्प्रॉकेटचा घेर साधारण ३२० मिमी. त्यावर २ मिमी म्हणजे सव्वादोन अंश. क्रँक दुप्पट फिरतो, म्हणून क्रँकच्या भाषेत साडेचार अंश.

म्हणजे चेन अजिबात न वाजता, टेन्शनर नीट काम करत असतानाही, व्हॉल्व्ह साडेचार अंश उशिरा उघडतात आणि उशिरा बंद होतात. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की कमी आरपीएमवर आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. कॉम्प्रेशन घटतं. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी पूर्वीसारखी उचलत नाही. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही.

पुढची पायरी म्हणजे टेन्शनर पूर्ण बाहेर येऊन संपतो आणि ढील उरते. मग चेन एक दात उडी मारू शकते. ४० दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे ९ अंश, क्रँकचे १८ अंश. इथून पुढे गाडी नीट स्टार्ट होत नाही, मिसफायर करते. आणखी एक-दोन दात सुटले तर पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडू शकते.

भारतात हा विषय इतका चर्चेत का?

याचं मोठं कारण एक इंजिन आहे. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल. १,२४८ सीसीचं हे इंजिन २००३ मध्ये युरोपात आलं. २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्ट डिझेलमध्ये 'डीडीआयएस' नावाने आणलं. पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा मारुतीच्या गाड्यांत, टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये आणि फियाटच्या पुंटो, लिनियामध्ये तेच इंजिन होतं. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट आणि टाटाच्या कारखान्यात ते बनायचं. मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरमध्येही बनायचं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते होतं की ऑटो पत्रकार त्याला भारताचं 'नॅशनल इंजिन' म्हणायला लागले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि हे इंजिनही थांबलं. पण या गाड्या आजही रस्त्यावर आणि सेकंडहँड बाजारात आहेत. अनेकांचं रनिंग लाख-दीड लाखाच्या पुढे गेलेलं आहे.

या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे. आणि त्यात ऑइल बसतं साधारण ३ लिटर. एवढ्या कमी ऑइलमधून अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो. त्यात डिझेल इंजिनाची काजळी ऑइलमध्ये मिसळते. ही काजळी बारीक पॉलिश पेपरसारखं काम करते आणि चेनचे सांधे घासते. म्हणून या गाड्यांत चेनचं आयुष्य बरंचसं आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं यावर ठरतं.

चेनचा त्रास फक्त भारतातल्या गाड्यांना झाला असंही नाही. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे. तिथे काम करायचं तर आधी मोठी उघडझाप करावी लागते. फोक्सवॅगनच्या चेनवाल्या छोट्या टीएसआय इंजिनांत चेन आणि टेन्शनरच्या तक्रारी आल्या. २०१२ पासून आलेल्या ईए२११ मालिकेत कंपनी दातेरी बेल्टवर गेली. अमेरिकेत फोक्सवॅगन आणि ऑडीच्या मालकांनी टायमिंग चेनवरून सामूहिक दावा केला होता, त्यात २०१८ मध्ये तडजोड झाली.

बाहेरून कोणती लक्षणं दिसतात?

पहिलं लक्षण म्हणजे थंड इंजिनाची खडखड. रात्रभर उभी असलेली गाडी स्टार्ट केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या चेनच्या बाजूने साखळी पत्र्यावर घासल्यासारखा आवाज येतो. ऑइलचा दाब येईपर्यंत टेन्शनर रिकामा असतो, म्हणून हा आवाज.

पण फक्त यावरून चेन गेली म्हणता येत नाही. ऑइल फिल्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तो नीट बसत नाही. मग सगळं ऑइल खाली येतं आणि चेन चांगली असूनही सकाळी आवाज येतो. ऑइल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल तरीही तेच. म्हणून पहिला खर्च ऑइल आणि चांगल्या फिल्टरचा करायचा आणि मग पुन्हा ऐकायचं.

गरम इंजिनवरही आवाज कायम राहत असेल, आरपीएमबरोबर वाढत असेल, तर प्रकरण पुढे गेलेलं आहे. असा आवाज येत असताना "अजून महिनाभर चालवू" हा हिशोब महागात पडतो.

बाकीची लक्षणं म्हणजे स्टार्टिंगला वेळ लागणं, आयडलिंगला इंजिन थरथरणं, ओढ कमी होणं. ऑइल काढताना त्यात धातूची चमक किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसणं हे गंभीर. गाइडच्या पट्ट्या बऱ्याच इंजिनांत प्लॅस्टिकच्या असतात. त्यांचे तुकडे ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकले तर ऑइलचा दाबच पडतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही?

क्रँक आणि कॅम, दोघांवर सेन्सर असतात. इंजिनाचा कॉम्प्युटर दोघांचे सिग्नल जुळतात का ते बघत असतो. फरक मर्यादेबाहेर गेला की कोड येतो. सगळ्यात ओळखीचा कोड म्हणजे पी००१६. क्रँक आणि कॅमची स्थिती जुळत नाही, असा त्याचा अर्थ. पी००१७ हाही त्याच कुटुंबातला.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. कोड सांगतो की दोन सिग्नल जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हे तो सांगत नाही. कारण चेनची झीज असू शकतं. पण सेन्सर खराब असू शकतो, त्याच्या वायरिंगमध्ये लोचा असू शकतो, सेन्सर ज्या दातेरी कड्याकडे बघतो ती कडी सरकलेली असू शकते. व्हेरिएबल टायमिंग असलेल्या पेट्रोल गाडीत कॅमच्या टोकाला ऑइलवर चालणारा फेझर असतो. तो अडकला तरी असेच कोड येतात. पी००११ सारखा कोड आला तर आधी ऑइल, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि फेझर बघायचा.

काही गाड्यांत चांगला स्कॅनर कॅम आणि क्रँकमधला फरक थेट अंशांत दाखवतो. हा आकडा जास्त कामाचा. तो लिहून ठेवायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा. वाढत चालला असेल तर झीज होतेय.

याहून पक्की पद्धत म्हणजे ऑसिलोस्कोप. क्रँक आणि कॅम सेन्सरचे सिग्नल एकाच पडद्यावर घेतात आणि त्याच इंजिनाच्या चांगल्या गाडीच्या नमुन्याशी ताडून बघतात. कॅमचा सिग्नल क्रँकच्या कोणत्या दातासमोर येतो हे मोजलं की इंजिन न उघडता एक दाताची चूकही पकडता येते.

खुणा जुळवून बघणं

इंजिनाचं कव्हर काढलं की मेकॅनिकची जुनी, खात्रीची पद्धत सुरू होते. एक नंबरचा पिस्टन सगळ्यात वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला आणायचा. मग क्रँकची खूण आणि कॅमच्या स्प्रॉकेटची खूण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी आहेत का ते बघायचं.

इथे तीन चुका नेहमी होतात.

एक, इंजिन उलटं फिरवणं. क्रँक नेहमी इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, पान्याने, हळू फिरवायचा. उलटा फिरवला की ढील टेन्शनरच्या बाजूकडून ताठ बाजूला येते. खुणा चुकीच्या दिसतात आणि झिजलेली चेन दातावरून सुटूही शकते. खूण थोडी पुढे गेली तर मागे आणायची नाही, पुन्हा दोन फेऱ्या पूर्ण करून यायचं.

दोन, चेनवरच्या रंगीत कड्यांवर विसंबणं. नव्या चेनवर काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या फक्त चेन बसवताना खुणांसमोर धरण्यासाठी. इंजिन दोन फेऱ्या फिरवलं की त्या कड्या पुढे गेलेल्या असतात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतरच परत जागेवर येतात. त्या जुळत नाहीत म्हणून टायमिंग चुकलं असं नाही. तपासायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा.

तीन, खूण "जवळपास" जुळली की ठीक म्हणणं. स्प्रॉकेटवरची खूण अर्धा दात मागे दिसत असेल तर टायमिंग एका दाताने चुकलेलं नाही. पण चेन लांब झाल्याचा तो थेट पुरावा आहे.

लॉकिंग पिनची पद्धत

फियाटच्या १.३ मल्टिजेटसह अनेक डिझेल इंजिनांत खुणांऐवजी लॉकिंग पिन वापरतात. क्रँक एका पिनने ठरलेल्या जागी अडकवतात. मग कॅमशाफ्टमधल्या खाचेत दुसरी पिन जायला हवी. सहज गेली तर टायमिंग बरोबर. पिन गेलीच नाही, किंवा ठोकून घालावी लागली, तर कॅम मागे राहिला आहे.

या पिना फक्त जागा पकडण्यासाठी असतात. स्प्रॉकेटचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना त्यांच्यावर जोर दिला तर पिन तुटते किंवा कॅमशाफ्टची खाच बिघडते. त्यासाठी स्प्रॉकेट धरायचं वेगळं टूल असतं. आजच्या काही इंजिनांत स्प्रॉकेटला चावीच नसते, ते फक्त बोल्टच्या दाबावर घट्ट बसतं. अशा इंजिनात लॉकिंग टूल नसताना बोल्ट सोडला की मूळ टायमिंग हरवतं. म्हणून गाडी उघडायला देण्याआधी "या इंजिनाचं टायमिंग किट आहे का?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

झीज थेट कशी मोजतात?

पहिली जागा टेन्शनर. तो किती बाहेर आलाय यावरून चेन किती लांब झाली हे कळतं. नव्या चेनवर तो थोडाच बाहेर असतो. दातेरी टेन्शनरचे किती दात बाहेर आलेत ते मोजायचं आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडायचं. फोक्सवॅगन गटाच्या काही इंजिनांत तर कव्हरला एक बूच आहे. ते काढून आत बघून टेन्शनरच्या दांड्यावरच्या खाचा मोजता येतात, बाकी काही उघडावं लागत नाही.

दुसरी पद्धत चेन काढल्यावरची. चेन ठरलेल्या जोराने ताणून धरायची आणि ठरावीक कड्यांची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजायची. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये हीच पद्धत दिलेली असते. किती जोराने ताणायचं, किती कड्या मोजायच्या, कमाल लांबी किती, सगळं लिहिलेलं असतं. एकाच जागी मोजून चालत नाही, तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजायचं, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

तिसरी गोष्ट स्प्रॉकेट. त्यावर चेन गुंडाळून व्यास मोजतात. दात टोकदार किंवा एका बाजूला झुकलेले दिसले तर ते बाद. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की तीही लवकर झिजते. म्हणून चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्र बदलायला सांगतात. तपासणीत चेन बाद ठरली असेल तर या सल्ल्यात फसवणूक नाही.

कॅम नेमका किती अंश मागे आहे हे कसं काढतात?

खुणा फक्त ढोबळ उत्तर देतात. अंशांत उत्तर हवं असेल तर डायल गेज आणि डिग्री व्हील लागतं. इंजिन बांधणारे जुने कारागीर आणि रेसिंगवाले ही पद्धत वापरतात.

क्रँकवर ३६० अंशांची तबकडी बसवतात. आधी खरा टीडीसी शोधायचा. पिस्टन अगदी वर असताना क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून नुसत्या नजरेने चूक होते. उपाय असा, की पिस्टन वर येताना टोकापासून २ मिमी खाली असतो तेव्हा तबकडी वाचायची आणि टोक ओलांडून परत २ मिमी खाली गेला की पुन्हा वाचायची. समजा, टीडीसीच्या आधी १४ आणि नंतर १८ अंश आले. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे १६-१६, यायला हव्या होत्या. म्हणजे तबकडी २ अंश चुकीची लागली आहे. ती सरकवून घ्यायची.

मग डायल गेज इनलेट व्हॉल्व्हवर लावायचा. व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तो क्षणही असाच शोधायचा. पूर्ण उघडण्याच्या १ मिमी आधी तबकडी ७८ अंश दाखवते आणि पूर्ण उघडून १ मिमी परत आल्यावर १४२. दोघांची बेरीज करून निम्मे केले की ११०. म्हणजे व्हॉल्व्ह टीडीसीनंतर ११० अंशांवर पूर्ण उघडतो. मॅन्युअलमध्ये १०६ लिहिलं असेल तर कॅम ४ अंश मागे आहे. दोन्ही वाचनं एकाच दिशेने फिरवत घ्यायची, नाहीतर चेनची ढील त्यात मिसळते.

रोजच्या गॅरेजमध्ये हे कुणी करत नाही आणि प्रत्येक गाडीला गरजही नसते. पण हेड घासून घेतलं असेल, दुसऱ्या कंपनीचे स्प्रॉकेट बसवले असतील किंवा खुणा जुळूनही ओढ येत नसेल, तर शेवटचं उत्तर इथेच मिळतं.

बाइकमध्येही हेच का?

हो. हीरोच्या स्प्लेंडरपासून बहुतेक चार स्ट्रोक बाइकमध्ये टायमिंग चेन असते. मागच्या चाकाची चेन वेगळी, ही इंजिनाच्या आतली. स्प्लेंडरमध्ये मॅग्नेटवरची 'टी' खूण आणि कॅम स्प्रॉकेटवरची खूण आपापल्या जागी आली की टायमिंग बरोबर. एक लिटरच्या आसपास ऑइलवर हे इंजिन चालतं. त्यामुळे ऑइल आटलेल्या बाइकची टायमिंग चेन आधी आवाज करू लागते.

गाडी घेताना आणि चेन बदलताना काय बघायचं?

सेकंडहँड गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गाडी आधीच गरम असेल तर थंड स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकू येणारच नाही. बॉनेट उघडं ठेवून स्टार्ट करायला लावा आणि पहिले पाच सेकंद फक्त ऐका. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. सर्व्हिस बुकमध्ये दोन ऑइल बदलांमधलं अंतर बघा. चेनबद्दल हे अंतर मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

चेन बदलायला सांगितलं तर विचारा, कशावरून? स्कॅनरचा आकडा, टेन्शनरची स्थिती, पिन न जाणं किंवा मोजलेली लांबी, यांपैकी किमान एक उत्तर मिळायला हवं.

चेन बसवल्यावर इंजिन थेट स्टार्टरने फिरवायचं नाही. लॉकिंग पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा आणि खुणा किंवा पिना पुन्हा जुळतात का बघायचं. मध्येच क्रँक अडला तर जोर लावायचा नाही, कारण पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. हाताने फिरवताना अडलं तर व्हॉल्व्ह बहुतेक वेळा वाचतात, स्टार्टरने फिरवलं तर वाचत नाहीत.

आणि गाडी घेऊन जाताना जुनी चेन मागून घ्या. नव्या आणि जुन्या चेनच्या सारख्याच संख्येच्या कड्या ताणून शेजारी ठेवल्या की झीज किती झाली होती ते काही न मोजता, नुसत्या डोळ्यांनीही कळतं.